दामूनाना गाडी विकतात

दामूनानांची मोटार विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला आधी विहिरीवर जाऊन पाय धुवावे लागत. मग तो कितीही मोठा असो. सुटाबुटातला असेल तर बूट ओट्याखाली, मोजे बुटांत आणि पँट गुडघ्यापर्यंत वर. पाणी शेंदायचं काम माझं. पाय धुऊन झाले की नाना वाकून ते पाय बघत. टाचांना भेगा दिसल्या तर पुन्हा पुसायला लावत, कारण भेगांत माती राहते आणि ती गाडीत उतरते. मुंबईहून आलेला एक गृहस्थ वैतागून म्हणाला, "मी गाडी बघायला आलोय, देवदर्शनाला नाही."

नाना म्हणाले, "देवळात तरी तुम्ही नुसते बघून निघून जाता. हितं बसणार ना? मग?"

गृहस्थ पाय धुऊन, गाडी न बघताच, ओल्या पायांत मोजे घालून परत गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. तो माझा सातवा गेलेला माणूस. माझा म्हणायचं कारण, गाडी नानांची असली तरी ती विकली जायला हवी होती ती मला.

ते सांगतो. आणीबाणी उठली त्या सुमाराला मी माण तालुक्यातून वसईला आलो. शिक्षण पाचवी नापास. गावाकडं विहिरीला पाणी नाही आणि हाताला काम नाही. गोखिवऱ्याला बिजागऱ्या करायच्या एका लहान कारखान्यात प्रेस मशीनवर लागलो. ज्या गाववाल्याच्या भरवशावर आलो होतो तो पंधरा दिवसांत सुरतेला निघून गेला. मी खोली शोधत फिरत होतो, अंगात ताप होता. उमेळ्याला एका ओट्यावर पाणी मागायला बसलो. आतून दामूनाना आले, पाणी दिलं, कपाळाला हात लावला आणि भाताची पेज आणून दिली. दोन घटकांसाठी बसलो तो चार वर्षं बसलो. नाना भाडं घेत नसत. म्हणत, "जिन्याखाली झोपतोस, त्याचं काय भाडं?" जिन्याखालची ती जागा अशी की तीत उभं राहायचं ते वाकूनच. पण मी त्या माणसाला आजही मनातल्या मनात हात जोडतो. एवढं आधी सांगून ठेवतो, कारण पुढं मी बराच वैताग लिहिणार आहे.

माझी बायको कमल आणि मुलगी सुमी गावाकडं, मेव्हण्याच्या घरी. जिन्याखाली तिघं मावणं शक्य नव्हतं. आणि घराच्या बाजूला, वाडीच्या कडेला, चांगली विटांची, कौलारू, फरशी घातलेली शेड. तीत कोण राहतं? तर मोटार. नाना एकदा आपणहून म्हणाले होते, "गाडी गेली की शेड तुझी. बायकोला घेऊन ये." झालं. त्या दिवसापासून मी त्या गाडीच्या जाण्याकडं डोळे लावून बसलो.

नानांची वाडी म्हणजे केळी, पानवेली आणि थोडी फुलझाडं. वाडवडिलांपासून बागायती. पूर्वी मुंबईतल्या एका पारशी शेठकडं त्यांची केळी आणि पानं जायची. शेठ विलायतेला कायमचा निघाला तेव्हा त्याची गाडी नानांनी घेतली. बाटलीसारखा हिरवा रंग, आणि वरचा टप कापडाचा, मागं मिटून ठेवता येणारा. नानी त्या गाडीत दोनदाच बसल्या म्हणे. डोक्यावरचा पदर उडतो, म्हणून तिसऱ्यांदा बसायला नको म्हणाल्या. मी आलो तेव्हा नानींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा बडोद्याला मोठ्या हुद्द्यावर. त्याचं महिन्याला एक पत्र यायचं, त्यात शेवटची ओळ ठरलेली: गाडीचं काय झालं?

गाडीचं काय होणार? नानांच्या डाव्या गुडघ्यानं संप केला होता. क्लच दाबता येईना, म्हणजे चालवता येईना. म्हणून विकायची. पेपरात दर दोन महिन्यांनी जाहिरात: 'विकणे आहे. उघड्या टपाची विलायती मोटार, दोनच हातांतली. योग्य माणसासच.' हा 'योग्य माणूस' कोण, ते नानांनाच ठाऊक. मी विचारलं की म्हणायचे, "येईल. घाई कोणाला हाय?"

हे त्यांचं पालुपद. केळीचा घड उतरवायला उशीर झाला, घाई कोणाला हाय? पोस्टमन उन्हात उभा आहे, हे चष्मा शोधताहेत, घाई कोणाला हाय? माझ्या जिभेवर उत्तर यायचं आणि पेजेच्या आठवणीनं परत घशात जायचं.

गाडीची निगा मात्र बघण्यासारखी. नानांनी ती वाडीतल्या झाडासारखी राखली होती. टपाचं कापड रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून शेडमध्ये करवंट्यांची धुरी. केळीचे घड सुकलेल्या पानांत गुंडाळतात तसे गाडीचे पुढचे दोन्ही दिवे जून ते सप्टेंबर केळीच्या वाळल्या सोपटांत गुंडाळलेले. दर रविवारी टप एकदा उघडायचा आणि एकदा मिटायचा, नाहीतर सांधे धरतात. तोही एका माणसानं नाही. एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला मी. "एकदम. एकदम रे सोपाना! तू पुढं गेलास. पुन्हा." चार वर्षांत मी कधी बरोबर आणि कधी पुढं गेलो ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि त्यानंतर सफर. गाडी ढकलून अंगणात आणायची. नाना पुढं चाकाशी. मी मागं, डावीकडं. मागं वजन नसेल तर स्प्रिंगा कडक होतात असं नानांचं म्हणणं. इंजिन सुरू करायचं आणि पंधरा मिनिटं चालू ठेवायचं. गाडी जागची हलत नसे. नाना दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या केळींकडं बघत बसायचे, मी त्यांच्या मानेकडं. आठवड्याची माझी एकच सुट्टी. कपडे धुवायचे असत, गावाला पत्र लिहायचं असे. आणि मी हा असा, उभ्या गाडीत बसलेला. कुंपणापलीकडून जाणारा शेजारी हमखास विचारायचा, "काय नाना, कुठवर पोचलात?"

"सोपारा ओलांडला," नाना म्हणायचे.

"आणि सोपानराव?"

"तो पण आलाय. मागं हाय."

शेजारी हसत निघून जायचा. मला शरमेनं शिटाखाली जावंसं वाटायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, "नाना, मागं विटांची दोन पोती ठेवली तर?" नानांनी आरशातून माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांच्या केळीला मीठ घालायला सांगितलं.

गिऱ्हाईक आलं की पाय धुण्यानंतर परीक्षा. सगळी तोंडी. पहिला प्रश्न, गाडी ठेवणार कुठे? एकानं सांगितलं, बिल्डिंगखाली. गेला. दुसरा मोठ्या कौतुकानं म्हणाला, आमच्या दारात नारळ आहे, छान सावली असते. नानांनी त्याला टपावर नारळ कसा पडतो ते मूठ आपटून दाखवलं. तोही गेला. दुसरा प्रश्न, टप कोण उघडणार? याला 'मी' असं उत्तर दिलं की संपलं, कारण दोन माणसं पाहिजेत. तिसरा, पावसाळ्यात काय करणार? चौथा, घरात कुत्रं हाय का? पाचवा, मागं कोण बसणार?

या पाचव्याला भलेभले पडले. मनवेलपाड्याहून एक पुढारी आले होते. त्यांना गाडी प्रचाराला हवी होती. मागं कोण बसणार म्हटल्यावर म्हणाले, "बसणार कशाला? मागं मी उभा राहणार, हात जोडून."

"उभे? शिटावर?"

"मग लोकांना दिसणार कसा?"

"चपला घालून?"

पुढारी थोडे विचारात पडले. तेवढ्यात नानांनी त्यांच्या चपला आणून त्यांच्यापुढं ठेवल्या. स्वतःच्या हातानं.

शूटिंगला गाड्या पुरवणारा एक जण आला. माणूस गोड बोलणारा, पहिल्या चार प्रश्नांत पास. मी मनात शेडला चुना लावायला घेतला होता. पाचव्याला म्हणाला, "मागं हिरोईन बसेल." नाना खूश झाले. म्हणाले, "आणि मग? कुठं जाणार?" तो म्हणाला, "कुठं नाही, मग ती उतरते आणि गाडी दरीत ढकलायची. पण एकदाच हां!"

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. मीही जेवलो नाही, पण माझं कारण वेगळं होतं.

आणि गंमत बघा. जी माणसं नापास व्हायची त्यांना नाना उपाशी कधी सोडत नसत. चहा, पोहे, वर वाडीतली वाळवलेली सुकेळी पुडीत बांधून. तास दोन तास गप्पा. कुठले तुम्ही, घरी कोण कोण, आई आहे का. निघताना फाट्यापर्यंत सोडायला मला पाठवत. मी त्या माणसांबरोबर चालताना त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचो: "म्हातारा भला आहे हो, पण याला विकायची आहे की नाही?" मी काय सांगणार? चौथं वर्ष चाललं होतं.

त्या उन्हाळ्यात कमलचं पत्र आलं. तिनं शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं, म्हणून थोडक्यात. सुमीला जूनमध्ये शाळेत घालायचं आहे. भाऊ म्हणतो, इथं नाव घालतो, पण एकदा घातलं की मग सात वर्षं ती इथंच राहू दे, मधे शाळा मोडायची नाही. तुम्ही काय ते कळवा.

मी पत्र तीनदा वाचलं. मेव्हण्याचं चुकीचं काहीच नव्हतं. मधे शाळा मोडली की काय होतं ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक? वडील कामासाठी गावोगाव फिरले आणि माझी शाळा अशीच तुटत तुटत पाचवीत संपली. पण सात वर्षं म्हणजे मुलगी मोठीच होऊन गेली असती, दुसऱ्याच्या घरात, आणि मी जिन्याखाली.

तेव्हा मी ठरवलं. पुढचं गिऱ्हाईक पास करायचं. पेपर मला पाठ होता. मी तो फोडणार होतो.

पुढचं गिऱ्हाईक लांबचं नव्हतं. सांडोरचे पास्कलभाऊ, जहाजावर इंजिनाच्या कामाला आयुष्य घालवून घरी बसलेले. सायकलवर आले. वाट दाखवायला मी फाट्यावर उभा होतोच. त्यांना चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. शेड, मुलगी, शाळा, आणि पाच प्रश्न, पाच उत्तरं. पास्कलभाऊंनी जपमाळ ओढावी तशी बोटांवर उत्तरं मोजत म्हटली. एक, बंद शेड. दोन, मी आणि माझा भाचा, एकदम. तीन, करवंट्यांची धुरी. चार, कुत्रं नाही. पाच, आई.

"ही पाचवी खरीच हाय," ते म्हणाले. "आई नव्वदीची. बंद गाडीत बसली की तिला मळमळतं. रविवारी चर्चात मिस्साला न्यायची म्हणून तर गाडी पाहिजे. बाकी चारही खरीच हायत म्हणा. कुत्रं नाय, मांजर हाय."

"मांजराचं सांगू नका," मी म्हटलं. "विचारलं तरच."

पाय धुवायची वेळ आली तर हे धुऊनच आलेले. तरी पुन्हा धुतले. नाना खूश. ओट्यावर बसल्यावर परीक्षा सुरू झाली.

"गाडी ठेवणार कु..."

"बंद शेड."

"आणि टप..."

"मी आणि भाचा. एकदम."

नानांनी चष्मा पुसला. "पावसाळ्यात..."

"करवंट्यांची धुरी."

मी खांबाला धरून उभा होतो. मला त्यांना सांगायचं होतं की जरा थांबा, जरा आठवल्यासारखं करा. पण सांगणार कसं? नानांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि चौथा प्रश्न गाळून एकदम पाचव्यावर गेले.

"मागं कोण बसणार?"

"कुत्रं नाही," पास्कलभाऊ ठासून म्हणाले. "मांजर आहे, पण ते घराबाहेर येत नाही."

पाठांतराचा हाच घोटाळा. मी स्वतः पाचवीत असाच गेलो होतो. मास्तरांनी नद्या विचारल्या आणि मी डोंगर म्हणून दाखवले.

नानांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पास्कलभाऊ, तुम्हाला पढवलं कोणी?"

पास्कलभाऊ खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. ते नुसते पायांकडं बघत बसले. पण त्यांचा कान लाल झाला आणि मान आपोआप माझ्याकडं वळली.

जिन्याखालची जागासुद्धा गेली, असं मला वाटलं. या माणसानं ताप आलेल्या अनोळखी पोराला घरात घेतलं आणि त्या पोरानं त्याच्या पाठीमागं हा उद्योग केला.

"सोपाना," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्तच भीती वाटली. "असं कशाला केलंस? योग्य माणूस आला असता. घाई कोणाला..."

"मला हाय," मी म्हटलं.

कसं बोललो कोण जाणे. एकदा सुरू झालं ते थांबेना. "मला घाई हाय, नाना. पहिल्यापास्नं हाय. पोरीला जूनमधी शाळेत घालायची. तिकडं घातली तर सात वरसं तिकडंच. मी वरसाला आठ दिवस जातो, तवा ती मला अहो-जाहो करती. माझी पोरगी, नाना, मला 'तुम्ही कधी जाणार' म्हून विचारती." मी विहिरीकडं तोंड करून उभा राहिलो.

मागं पास्कलभाऊंनी घसा खाकरला.

"चार वर्षांत बोलला नाय," नाना म्हणाले. मला नव्हे, पास्कलभाऊंना. "एका ताटात जेवल्यासारखे जेवलो आम्ही. बोलला नाय. मला वाटलं, हितं बरा हाय." मग जरा थांबून, हळू आवाजात, "मीही विचारलं नाय. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यानं."

ते उठले, आत गेले आणि किल्ली घेऊन आले. पास्कलभाऊंच्या पुढं धरली.

"आई खरीच हाय ना? की तीही यानं सांगितली?"

"खरी हाय, नाना. आणून दाखवू?"

"नको. ती उन्हात कशाला येते."

टप मी आणि नानांनी उघडला. नाना 'एकदम' म्हणाले नाहीत, मी पुढं गेलो की मागं राहिलो ते सांगितलं नाही. पास्कलभाऊ चाकाशी बसले. सायकल मागं आडवी टाकू का म्हणाले, तेव्हा मात्र नानांनी असे डोळे वटारले की ते म्हणाले, सायकल उद्या नेतो. गाडी फाटकापर्यंत गेली आणि नाना लंगडत तिच्या मागं गेले.

"पास्कलभाऊ, आईला उजवीकडं बसवा."

"का हो?"

"डावीकडची शीट बसलीय. याच्या वजनानं. चार वर्षं तिथंच बसतो."

गाडी वळली. धूळ खाली बसेपर्यंत नाना फाटकात उभे होते. मी मागं उभा होतो. माफी मागावी की आभार मानावे ते सुचत नव्हतं. दोन्ही तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "उभा काय राहिलास? पत्र लिही जा. आणि तुझं तूच लिही, दुसऱ्याला पढवून नको."

कारखान्यातून आठ दिवसांची रजा घेतली आणि गावाला गेलो. कमलला, सुमीला, दोन पेट्या आणि एक जातं घेऊन परत आलो. जातं कशाला म्हणून मी वैतागलो होतो, पण कमल ऐकेना. दुपारी उमेळ्याला पोचलो. नाना ओट्यावर बसले होते, स्वच्छ धुतलेला सदरा घालून. सुमी त्यांना बघून आईच्या मागं गेली. नानांनी नुसतं शेडकडं बोट केलं.

शेडला चुना लावलेला होता. फरशीवरचे तेलाचे डाग घासघासून काढलेले. चुलीसाठी कोपऱ्यात विटा. आणि भिंतीत एक नवी खिडकी. ताजा गिलावा अजून ओला होता. मी नव्हतो त्या आठ दिवसांत गवंडी बोलावून, गुडघा दुखत असताना समोर उभं राहून त्यांनी ती पाडून घेतली होती. चौकट बसवलेली, झडपा बसवलेल्या, खाली मुलीला चढून बघता येईल असा दगडसुद्धा ठेवलेला.

"हवा पाहिजे ना माणसांना," नाना ओट्यावरूनच म्हणाले. "गाडीला चालतं."

मला बरं वाटलं आणि त्याच दमात वैतागही आला. उमेळ्यात वारा येतो तो पश्चिमेकडून, समुद्रावरून. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत, आणि नानांचा तर जन्म वाडीत वाऱ्याचा अंदाज घेण्यात गेलेला. पश्चिमेची भिंत वाडीकडं मोकळी होती. तिथं खिडकी पाडली असती तर पंखा लागला नसता. आणि ही पाडली होती पूर्वेला. पूर्वेला काय होतं? घर. नानांचा ओटा. ओट्यावर त्यांची आरामखुर्ची, दहा पावलांवर.

कमलनं झडपा उघडून बाहेर बघितलं. पलीकडं नाना एकदम पेपर वर धरून वाचायला लागले. वाऱ्याची एक झुळूक आत आली नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खिडकी ह्या अंगाला कशी काय पाडली? पल्याडच्या अंगाला नको व्हती का? सांगा की त्यांना, गिलावा वाळायच्या आत."

सुमी दगडावर चढली होती.

"राहू दे," मी म्हटलं. "उघडी ठेव."